साठ्याचं गणित आणि डोंगरातला भात

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत भात हे खरिपाचं मुख्य पीक. कापणी दिवाळीच्या आगेमागे एकदमच होते. घराघरांत भात मात्र वर्षभर शिजतो. पुरवठा साखळीवर पीएच.डी. करणाऱ्याने असाच प्रश्न हाती घ्यावा: या दोन वेळांमधलं अंतर कोण सांभाळतं आणि त्याचा मोबदला कुणाला मिळतो? फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेलं सूत्र एका वेळी किती माल मागवावा हे सांगतं. पण ते मागणी स्थिर आणि पुरवठा हमखास धरून चालतं. इथे पीक वर्षातून एकदा येतं आणि पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाट बंद ठेवावा लागतो. गृहीतकच टिकत नाही.

म्हणून डोंगरी तालुक्यांत संशोधनाचा भर रस्त्याइतकाच गोदामावर हवा. साठवणुकीत पैसा अडकतो, उंदीर आणि कीड लागते, हा आक्षेप खराच आहे. त्यावर २००७ च्या गोदाम कायद्याने वाट काढली: नोंदणीकृत गोदामाची पावती तारण ठेवून कर्ज मिळू शकतं. मात्र लहान शेतकऱ्याला चार पोती एकट्याने तिथवर नेणं परवडत नाही. गावागावांतली अशी पोती कमी खर्चात एकत्र कशी आणायची, हे सोडवण्याजोगं गणित आहे. त्याचं उत्तर शेतकऱ्याच्या पदरात पडलं, तरच ते संशोधन सार्थकी लागेल.