खुराड्यातील हवा आणि स्वच्छता

मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा परसातील कोंबड्या चोच उघडून धापा टाकू लागतात. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच 41 ते 42 अंशांच्या आसपास असते. तिला घामाच्या ग्रंथी नसल्यामुळे श्वासावाटे वाफ सोडणे हाच तिचा मुख्य उपाय असतो. रात्रीच्या लाकडी खुराड्यात हवा दमट व कोंडलेली असेल, तर तोही निष्फळ ठरतो. सकाळी मेलेली आढळणारी कोंबडी प्रत्येक वेळी रोगानेच गेलेली असते असे नाही.

हिवाळ्यात नेमकी उलट चूक होते. थंडीच्या व मुंगसाच्या धास्तीने खुराडे पोत्यांनी घट्ट झाकले जाते. ओलसर विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू आतच साचतो, श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करतो आणि श्वसनरोगांना वाट मोकळी करून देतो. यासाठी समोरासमोरच्या दोन भिंतींना, छपराच्या लगेच खाली, बारीक जाळी लावलेले झरोके ठेवावेत. ते बारमाही उघडे असावेत. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या उंचीवर मात्र फळ्या सलग असाव्यात, म्हणजे थंड वारा थेट अंगावर येत नाही. पहाटे दार उघडताच डोळे चुरचुरले तर झरोके अपुरे आहेत, असे खुशाल समजावे. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास मावळतीचे ऊन कमी लागते. पत्र्यावर गवताचा थर देणे स्वस्त व गुणकारी असते.

लाकूड हाताशी मिळते, परंतु त्याच्या फटी हे त्याचे वैगुण्य होय. कोंबड्यांची गोचीड दिवसा फटीत दडते आणि रात्री बाहेर येऊन रक्त शोषते. त्यामुळे दिवसा कोंबडी तपासणाऱ्याला ती सहसा दिसत नाही. अन्नावाचून ती कित्येक महिने तग धरते. म्हणून खुराडे नुसते रिकामे ठेवून भागत नाही. आधी विष्ठा कोरडीच खरवडून काढावी, कारण घाणीच्या थरावर जंतुनाशकाचा प्रभाव पडत नाही. खरवडताना नाका-तोंडाला फडके बांधावे. नंतर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने फळ्या घासून कडक उन्हात वाळवाव्यात, फटी बुजवाव्यात व चुन्याची सफेदी द्यावी. सफेदी पूर्ण वाळल्यावरच पक्षी आत सोडावेत. ही मोठी सफाई मृग नक्षत्रापूर्वी आणि पुन्हा दसऱ्यानंतर करणे योग्य, कारण भर पावसात धुतलेले लाकूड वाळत नाही. पावसाळ्यात तळाशी धानाचा कोरडा तूस पसरून तो वरचेवर हलवावा व ओला भाग त्वरित काढावा. रक्ती हगवणीचा प्रादुर्भाव ओल्या गादीतच वाढतो.

स्वच्छता ही लसीची जागा घेऊ शकत नाही. मानमोडीची लस टोचून घ्यावीच लागते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूने देशात प्रथम शिरकाव केला आणि मार्च 2024 मध्ये तो नागपूर शहरातही आढळला. अनेक पक्षी एकाएकी दगावल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावे. निरोगी खुराड्यातील खरवडलेली विष्ठा नाल्यात न टाकता खतखड्ड्यात कुजवावी. ताजी घातल्यास तिने भाजीची रोपे करपतात. गावठाणात असा खड्डा कोठे असावा, हे ग्रामपंचायतीने ठरवून द्यावयाचे आहे.