पेशीचा पहारेकरी

डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि कर्कपेशी काचपात्रात वाढवून पाहणे येथे शक्य झाले. परंतु पेशी बेबंद का होते, याचे उत्तर तिच्या अंतरंगातच शोधावे लागते. तेथे काही प्रथिने डीएनएच्या ठराविक जागी बिलगून कोणते जनुक चालावे हे ठरवितात. १९७९ साली सापडलेले पी-५३ हे त्यांपैकीच एक होय. डीएनएला इजा होताच ते पेशीविभाजन रोखते. तरीही दहा वर्षे ते कर्करोगाचे साथीदार समजले गेले. कारण तपासलेली जनुके मुळातच बिघडलेली होती.

निरोगी पेशीत हे प्रथिन अत्यल्प असते. म्हणून मानवी जनुक जीवाणूत घालून ते विपुल व शुद्ध मिळवितात. त्याच्या ३९३ घटकांपैकी २७३ वा बदलला, तरी डीएनएवरील पकड सुटते, हे अशाच प्रथिनावर पडताळता येते. मात्र मानवी पेशी प्रथिनावर जे रासायनिक संस्कार करते, ते जीवाणूला साधत नाहीत. म्हणूनच निष्कर्षाची अखेरची कसोटी पुन्हा काचपात्रातील मानवी पेशीवरच घ्यावी लागते.