वेष्टनावरील आकडा आणि पडद्यावरील चित्र

स्वस्त वेबकॅमच्या वेष्टनावर १२८० × ७२० बिंदूंची ग्वाही असते. लिनक्सवर मात्र पुष्कळदा ६४० × ४८० बिंदूंचेच चित्र पदरी पडते. दोष कॅमेऱ्याचाच असतो असे नव्हे. न आकसलेल्या चित्रात एका बिंदूस २ बाइट धरल्यास सेकंदाला ३० मोठ्या चित्रांसाठी सुमारे ५.५ कोटी बाइट वाहावे लागतात. यूएसबी २.० वरून असे कॅमेरे सामान्यतः ज्या पद्धतीने चित्रे धाडतात, तीत २.४६ कोटींपलीकडे वाट नाही. लहान चित्रे १.८४ कोटींत मावतात! मोठी चित्रे जेपेग रीतीने आकसून पाठविता येतात. पण तशी मागणी करावी लागते. ‘व्ही४एल२-सीटीएल’ या साधनाने कॅमेऱ्याची रूपे व आकार पाहून ‘एमजेपीजी’ हे रूप निवडावे. यादीत मोठा आकार मुळीच नसेल, तर वेष्टनावरील आकडा बहुधा मधले बिंदू अंदाजाने भरून फुगविलेला असतो; त्याने चित्र मोठे होते, तपशील वाढत नाही.