आयोवा सिटी : पानगळीच्या अखेरीस

अमेरिकेंतील पानगळीचे रंग पाहावयाचे असतील तर ऑक्टोबर महिना साधावा, असें प्रवासाचीं पुस्तकें सांगतात. आणि झाडांपुरतें तें खरेंहि आहे. परंतु ज्याला झाडांपेक्षां गांव पाहावयाचें आहे त्यानें नोव्हेंबरचा उत्तरार्ध निवडावा. त्या वेळीं फांद्या उघड्या पडलेल्या असतात, आणि उन्हाळ्यांत हिरवाईच्या आड दडलेलीं घरें, टेकड्या, नदीचें वळण आणि दगडी इमारतींच्या कडा स्पष्ट दिसूं लागतात. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस, शिकागोपासून सुमारें सव्वादोनशें मैलांवर असलेलें आयोवा सिटी हें गांव अशा वेळीं पाहण्याजोगें आहे.

गांवाची वस्ती पाऊण लाखाच्या आंतबाहेर. आणि तेथील विद्यापीठांत शिकणारे विद्यार्थी सुमारें तीस हजार. पुण्यासहि कॉलेजें पुष्कळ आहेत, परंतु सुट्टी लागली म्हणून पुणें ओस पडत नाहीं. येथें तसें नव्हे. येथील दुकानदार, खाणावळवाले, घरमालक आणि बसगाड्या या सर्वांचें वर्ष विद्यापीठाच्या पंचांगाप्रमाणें चालतें. दर चार-पांच वर्षांनीं गांवांतील बरीचशी माणसें बदलतात. राहणारे थोडे आणि येणारे-जाणारे फार, अशी ही वस्ती आहे, आणि तिचा स्वभाव याच एका गोष्टींतून घडलेला आहे.

प्रथम हवेविषयीं. आयोवा सिटी विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेएकेचाळीस अंशांपलीकडे आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यास दिवस अकरा तासांहून थोडा मोठा असतो; तेथें तो साडेनऊ तासांवर येतो. त्यांतच नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं देशांत बहुतेक ठिकाणीं घड्याळें एक तास मागें घेतात, त्यामुळें दुपारीं पावणेपांचच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो. आपल्याकडचा नवखा विद्यार्थी थंडीची तयारी करून जातो. स्वेटर, कोट, हातमोजे, सर्व कांहीं. परंतु त्याला खरा त्रास होतो तो या लवकर येणाऱ्या अंधाराचा. तिसऱ्या प्रहरचा चहा घ्यावा आणि खिडकीबाहेर रात्र पाहावी, याची संवय व्हावयास वेळ लागतो.

पानांच्या रंगाचें कारणहि हाच घटता दिवस. दिवस लहान होऊं लागला म्हणजे झाड पानांतील हरितद्रव्य मोडून त्यांतील उपयोगी द्रव्यें फांद्यांत ओढून घेतें. हिरवा रंग उतरला कीं, खालीं आधींपासूनच असलेला पिवळा रंग उघड होतो. तांबड्याची गोष्ट वेगळी. तो रंग मेपलसारख्या झाडांच्या पानांत त्या दिवसांत नव्यानें तयार होतो. स्वच्छ ऊन आणि गार रात्री लाभल्या तर तो अधिक खुलतो. मग देंठाच्या मुळाशीं पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटतें. ओकच्या कित्येक झाडांना मात्र हा शेवटचा निरोप घेतां येत नाहीं. त्यांचीं तपकिरी, वाळलेलीं पानें हिवाळाभर फांदीला चिकटून राहतात आणि वारा आला कीं कागदासारखीं खडखडतात. नोव्हेंबरअखेर गांवांत एवढाच काय तो पानांचा आवाज उरतो. बाकीच्या पानांचे ढीग रस्त्याच्या कडेला लावलेले असतात, आणि पुष्ट खारी त्यांतून पळत असतात.

गांवाच्या मध्यभागीं उंचवट्यावर सोनेरी घुमटाची एक दगडी इमारत उभी आहे. तिला जुनें कॅपिटॉल म्हणतात. आयोवा हा प्रदेश अद्याप संस्थान म्हणून संघराज्यांत आला नव्हता, तेव्हां म्हणजे १८३९ सालीं, राजधानीसाठीं हें गांव आंखण्यांत आलें. पुढच्या वर्षीं ४ जुलै रोजीं या इमारतीची कोनशिला बसली. १८४६ च्या डिसेंबरांत आयोवा संस्थान झालें, आणि पुरते दोन महिनेहि लोटले नाहींत तोंच, १८४७ च्या फेब्रुवारींत, विधिमंडळानें विद्यापीठ स्थापण्याचा कायदा केला. पुढें वस्ती पश्चिमेकडे पसरत गेली तशी राजधानी मध्यावर नेण्याची ओरड झाली, आणि १८५७ सालीं ती डे मॉइन येथें गेली. राजधानी गेलेलीं गांवें सहसा खचतात. या गांवाच्या हातीं मात्र रिकामी झालेली इमारत आणि दहा वर्षांचें बालविद्यापीठ राहिलें. इमारत विद्यापीठास मिळाली आणि गांव तरलें. २००१ च्या नोव्हेंबरांत, घुमटाच्या दुरुस्तीचें काम चालू असतांना, तेथें आग लागली आणि घुमट जळून गेला. तो पुन्हां बांधून, सोन्याचा मुलामा देऊन, २००६ सालीं ही इमारत पाहणारांसाठीं उघडली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत तो घुमट नदीपलीकडूनहि चमकतो.

त्याच १८५७ सालाची आणखी एक गोष्ट या गांवाचे लोक सांगतात तेवढी सांगितली जात नाहीं. येथील नदीकांठीं गोरे लोक येण्यापूर्वीं मेस्क्वाकी लोकांची वस्ती होती. करार करून, जमिनी घेऊन, त्यांना मिसूरीपलीकडे हांकलण्यांत आलें. त्यांतील कांहीं परत आले, पैसे जमविले, आणि १८५७ सालीं टामा परगण्यांत आयोवा नदीकांठीं ८० एकर जमीन रोख विकत घेतली. स्वतःच्या देशांत स्वतःची जमीन विकत घ्यावी लागली. पण त्यामुळेंच ते आजहि तेथें आहेत, आणि ती जमीन पुढें पुष्कळच वाढली आहे.

आगगाडी येथवर पोंचली ती १८५५ सरतांना. पुढें रूळ नव्हते. म्हणून १८५६ सालीं इंग्लंड व स्कॅंडिनेव्हिया येथून आलेले मॉर्मन पंथाचे गरीब लोक येथेंच उतरत, लांकडी हातगाड्या बनवून घेत आणि संसार त्यांवर लादून सॉल्ट लेकपर्यंत तेराशें मैल पायीं निघत. त्या वर्षींच्या शेवटच्या दोन तांड्यांच्या गाड्या वेळेवर तयार झाल्या नाहींत. ते जुलैच्या मध्यानंतर निघाले. ऑक्टोबरांत वायोमिंगच्या उंच मुलखांत त्यांना बर्फानें गांठलें, आणि सुमारें एक हजारांपैकीं दोनशेंहून अधिक माणसें थंडीनें व उपासमारीनें मेलीं. ज्या मैदानांत त्या गाड्या बांधल्या गेल्या तें आयोवा सिटीला लागून असलेल्या कोरलव्हिल गांवांत अजून राखलेलें आहे. नोव्हेंबरांत तेथें जाणाऱ्यास थंड वाऱ्याखेरीज कांहीं दिसत नाहीं. पण दोन-तीन आठवड्यांचा उशीर म्हणजे काय, हें त्या वाऱ्यांत उभें राहिल्यावर कळतें.

गांवाची हद्द संपली कीं शेतें. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कापणी आटोपलेली असते. क्षितिजापर्यंत काळी जमीन, त्यांत फिकट धसकटें, आणि मधूनच धान्याचीं उंच कोठारें. एरवीं पुरुषभर उंच मक्यामुळें रस्त्यावरून पलीकडचें दिसत नाहीं. आतां एकेक शेतघर दोन-दोन मैलांवरून दिसतें.

आतां विद्यापीठ. शास्त्रांत त्याचें मोठें नांव झालें तें जेम्स व्हॅन ॲलन यांच्यामुळें. १९५८ सालीं पहिल्या अमेरिकन उपग्रहांबरोबर त्यांनीं पाठविलेल्या उपकरणांनीं पृथ्वीभोंवतालचे किरणोत्सर्गाचे पट्टे उघडकीस आणले. नभोवाणीच्या श्रोत्यांस दुसरी एक हकीकत अधिक रुचेल. १९३३ सालीं या विद्यापीठानें चित्रध्वनिक्षेपणाचा प्रयोग सुरू केला. चित्र एका केंद्रावरून निघे आणि आवाज विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावरून. ज्यांच्याजवळ दोन्ही यंत्रें असतील त्यांनीं तीं एकत्र लावून व्याख्यान पाहावें आणि ऐकावें, अशी ती योजना होती.

परंतु गांवाला जी कीर्ति आहे ती लेखनाची. १९२२ सालीं विद्यापीठानें ठरविलें कीं, पदवीसाठीं प्रबंधाऐवजीं कविता, कथा किंवा नाटकहि चालेल. १९३६ सालीं त्यांतून लेखनशाळा निघाली. लेखन शिकवितां येतें काय, हा वाद तेव्हांहि होता आणि आजहि आहे. शाळेचें उत्तर असें कीं, शिकवितां येत नसेल, पण लेखकाला दोन वर्षें निवांतपणा आणि कठोर वाचक देतां येतात. फ्लॅनरी ओकॉनर ही जॉर्जियाची तरुणी येथें १९४५ सालीं आली. तिचे उच्चार संचालक पॉल एंगल यांना इतके अनोळखी वाटले कीं, तिला आपलें म्हणणें कागदावर लिहून दाखवावें लागलें. पुढें तिच्या कथांनीं अमेरिकन साहित्यांत अढळ स्थान मिळविलें.

याच एंगल यांनीं चिनी कादंबरीकार ह्वालिंग न्ये यांच्यासह १९६७ सालीं दुसरा उपक्रम काढला. देशोदेशींच्या लेखकांना शरद ऋतूंत येथें बोलवावें, राहण्याची सोय करावी, आणि लिहूं द्यावें. दीडशेंहून अधिक देशांतील सोळाशेंच्या आसपास लेखक आजवर येऊन गेले. तुर्कस्तानचे ओर्हान पामुक, चीनचे मो यान आणि कोरियाच्या हान कांग हे तिघेहि येथें राहिले होते; तिघांनाहि पुढें नोबेल पारितोषिक मिळालें. मराठींतून दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळांत येथें होते. हे पाहुणे ऑगस्टांत येतात आणि पानें गळालीं कीं परततात, म्हणून नोव्हेंबरांत गांवांतील पुस्तकांच्या दुकानांतून निरोपाचे दिवस असतात. १९७८ पासून चालत आलेल्या प्रेअरी लाइट्स या दुकानांत तर वाचनाच्या संध्याकाळीं जागा मिळणें कठीण. २०२५ सालच्या आरंभीं मात्र अमेरिकन परराष्ट्रखात्यानें या उपक्रमाचें अनुदान थांबविलें. चालकांनीं संख्या कमी करून शरद ऋतूंतील निवास चालू ठेवण्याचें ठरविलें. पाहुण्यांवर जगणाऱ्या गांवाला हा धक्का पैशापेक्षां मनाला अधिक लागला असेल, यांत नवल नाहीं.

पाहुणा म्हणून आला आणि राहिला, अशा माणसाचीं हाल या गांवानें पूर्वींहि पाहिले आहेत. सुधींद्र बोस हे बंगाली गृहस्थ येथूनच १९१३ सालीं डॉक्टर झाले आणि पुढें आयुष्यभर याच विद्यापीठांत राज्यशास्त्र व पौर्वात्य संस्कृति शिकवीत राहिले. त्यांनीं अमेरिकन नागरिकत्व घेतलें होतें. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत निकाल दिला कीं, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें गोरा नव्हे, सबब नागरिकत्वास पात्र नाहीं. त्या निकालानें बोस यांचेंहि नागरिकत्व गेलें. तें परत मिळावयास १९२७ साल उजाडलें. मधल्या वर्षांत हा प्राध्यापक अमेरिकन तरुणांना राज्यव्यवस्था शिकवीत होता आणि स्वतः कोणत्याच अर्थानें त्या राज्याचा नव्हता. १९४६ सालीं ते वारले. त्याच सालीं कायदा बदलून हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला.

शनिवारीं फुटबॉलचा सामना असेल तर प्रवाशानें गर्दी सोसून तोहि पाहावा. नाइल किनिक या खेळाडूच्या नांवाच्या क्रीडांगणांत सुमारें ६९,००० प्रेक्षक मावतात, म्हणजे जवळजवळ सबंध गांव. किनिक यांस १९३९ सालीं देशांतील उत्तम खेळाडूचा मान मिळाला, आणि १९४३ सालीं आरमारी वैमानिकाच्या शिक्षणांत विमान समुद्रांत पडून ते मृत्यु पावले. क्रीडांगणाला लागूनच विद्यापीठाचें मुलांचें रुग्णालय २०१७ सालीं उघडलें; त्याच्या वरच्या मजल्यांवरून मैदान दिसतें. त्या वर्षापासून पहिला डाव संपला कीं सारे प्रेक्षक, दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंचसुद्धां मैदानाकडे पाठ करून रुग्णालयाकडे वळतात आणि खिडक्यांतील आजारी मुलांना हात हालवितात. मुलेंहि आंतून हात हालवितात. एक मिनिटभर खेळ कोणाच्याच लक्षांत नसतो. अमेरिकन फुटबॉलचे नियम ज्याला मुळींच कळत नाहींत त्यालाहि एवढें कळतें.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा आभारप्रदर्शनाचा सण. लिंकन यांनीं १८६३ सालीं तो राष्ट्रीय केला आणि १९४१ च्या कायद्यानें वार ठरला. विद्यापीठास आठवडाभर सुट्टी असते. शुक्रवारीं दुपारपासून मोटारी निघूं लागतात, आणि रविवारपर्यंत वसतिगृहें अंधारीं होतात. खाणावळींतून खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या दिसतात. मागें उरतात ते परदेशी विद्यार्थी. विमानाचें भाडें परवडत नाहीं, आणि घर हजारों मैलांवर. त्यांच्यासाठीं गांवांतील कुटुंबें या दिवशीं आपल्या पंक्तीला जागा ठेवतात. पंक्तींत टर्की पक्षी, आंबट लाल क्रॅनबेरीची चटणी, मका आणि तांबड्या भोपळ्याचें गोड पक्वान्न असतें. मांस न खाणाऱ्या पाहुण्यापुढें यजमानीण प्रथम थोडी गोंधळते, मग रताळीं आणि भोपळा पुन्हां पुन्हां वाढते. मका आणि भोपळा हे दोन्ही मूळचे अमेरिकेचेच. तेथून ते आपल्याकडे आले. पण त्या देशांत ते प्रथम पिकविणाऱ्यांचे वंशज या सणाकडे निराळ्या दृष्टीनें पाहतात, हेंहि पाहुण्यानें विसरूं नये.

जेवणानंतर यजमान पाहुण्याला मोटारीनें वसतिगृहापर्यंत पोंचवितो. रस्त्यांत एखाद्या वेळीं वर्षाचें पहिलें बर्फ भुरभुरूं लागतें. पुढच्या रविवारीं संध्याकाळीं मोटारी परत येतात, वसतिगृहांच्या खिडक्या एकेक करून उजळतात, आणि सोमवारीं सकाळीं वर्ग भरतात. परीक्षेस त्या वेळीं दोनच आठवडे उरलेले असतात.