फर्मा, फ्रोमाज आणि रुपया

छापखान्यात उमेदवारी करत होतो तेव्हा ‘किती फर्मे झाले?’ ही विचारणा दिवसभर चाले. जुळाऱ्यानं खिळे जुळवून पानं चौकटीत घट्ट आवळली की तो फर्मा, आणि त्यावरून छापून निघालेला सोळा पानी ताव, तोही फर्माच. आता आपण अर्जाला फॉर्म म्हणतो, धावा काढणाऱ्या फलंदाजालाही ‘फॉर्मात’ म्हणतो. पण मुळाशी इमान राखलं ते फर्म्यानं. लॅटिन ‘फोर्मा’ म्हणजे आकार, तसाच आकार देणारा साचा. ठसा आणि चांभार ज्यावर जोडा चढवतो तो ठोकळाही फोर्माच.

साच्यात घालून केलेलं चीज म्हणून फ्रेंचांचं ‘फ्रोमाज’. आधी ते ‘फोर्माज’ होतं, बोलण्याच्या ओघात ‘र’ जागचा हलला. माझ्या लाल पेनाखाली आलं असतं तर सुटलं नसतं! इटालियन ‘फोर्माज्जो’नं मात्र ‘र’ जागेवर ठेवला. रेखीव आकाराचा तो ‘फोर्मोसुस’, म्हणजे देखणा. त्याचंच स्पॅनिशमध्ये ‘एर्मोसो’ झालं. तैवान पाहून पोर्तुगीज खलाशांनी त्याला फोर्मोसा, म्हणजे सुंदर बेट, म्हटलं.

लॅटिनची ही दोन्ही वळणं संस्कृत ‘रूप’ शब्दानंही घेतलेली आहेत, आणि पाणिनीनं ती एकाच सूत्रात बसवली. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो, की ‘रूप’पासून ‘रूप्य’ हा शब्द दोन अर्थांनी होतो: एक आहत, म्हणजे ठोकून उमटवलेलं, दुसरा प्रशंसेचा. म्हणून ठसा मारलेलं नाणंही रूप्य आणि देखणा माणूसही रूप्य. चांदीच्या तुकड्यांवर एकेक चिन्ह ठोकलेल्या प्राचीन नाण्यांना आपले नाणेतज्ज्ञ ‘आहत नाणी’ म्हणतात, तो शब्दही हाच.

अशी नाणी चांदीची, म्हणून रूप्य म्हणजे चांदी असाही अर्थ रुळला. मराठीत त्याचं रुपं झालं. रुपेरी पडदा त्यातलाच. सोळाव्या शतकात शेरशहा सूरनं सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपया पाडला, तो मोगलांनी चालू ठेवला. इंडोनेशियाचा रुपिया आणि मालदीवचा रुफिया हे त्याच घराण्यातले.

आजच्या स्टीलच्या नाण्यात रुपं औषधालाही नाही. ठसा मात्र ठोकलेला असतो, तेव्हा पाणिनीच्या हिशेबानं ते रूप्यच. कागदी नोटेचं काय करायचं, ते वैयाकरणांनी ठरवावं.