आटीव दूध, घरचे आणि डब्यातले

हल्ली सुनांच्या पाककृतींत ‘इव्हॅपोरेटेड मिल्क’ वाचले की मला हसू येते. साखर पडण्याआधीची बासुंदीच ती! फरक इतकाच, की कारखान्यात हवेचा दाब कमी करून, कमी उष्णतेवर, दुधातले सुमारे ६० टक्के पाणी उडवतात. मग डबा बंद करून पुन्हा तापवतात, म्हणून ते महिनोन्महिने टिकते.

आमच्या भोपाळात म्हशीचे दूध दाट; लिटराचे अर्धा लिटर झाले की पुरे. तळाशी बशी पालथी घातली की दूध उतू जात नाही, ढवळणे मात्र चुकत नाही. साय धरू दिली तर चौकातल्या हलवायाची रबडी होते. तीही वाईट नव्हे म्हणा! निवल्यावर गाळून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे.