सरासरीपलीकडचा भारत

आपल्या देशाविषयी बोलताना काही आकडे आपण सहजपणे उद्धृत करतो. क्षेत्रफळाच्या दृष्टीने भारत जगात सातव्या क्रमांकावर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या १२१ कोटींहून अधिक होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अनुमानानुसार २०२३ मध्ये भारत हा जगातील सर्वाधिक लोकसंख्येचा देश ठरला. लोकसंख्येची घनता २०११ मध्ये दर चौरस किलोमीटरमागे सरासरी ३८२ होती. हा आकडा खरा असला तरी त्यावरून आपला देश कसा आहे हे फारसे समजत नाही. एवढ्या विशाल आणि विविधतापूर्ण देशात माणसे कोठे राहतात, तेथेच का राहतात आणि त्याचा आपल्या दैनंदिन व्यवहारांशी काय संबंध आहे, याचा थोडक्यात परामर्श येथे घेतला आहे.

समान क्षेत्रफळ, पन्नासपट लोकसंख्या

राजस्थानातील जैसलमेर या एकाच जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८,४०० चौरस किलोमीटर आहे. संपूर्ण केरळ राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८,८६० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढेच. परंतु २०११ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात सुमारे ६.७ लाख लोक राहत होते, तर केरळमध्ये ३.३४ कोटी. जैसलमेरमध्ये दर चौरस किलोमीटरमागे १७ माणसे, तर केरळमध्ये ८६०. जवळपास सारख्याच आकाराच्या या दोन प्रदेशांच्या लोकसंख्येत पन्नासपट अंतर आहे.

याचे पहिले कारण अर्थातच पाणी. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे पश्चिम घाटाशी अडतात आणि केरळमध्ये वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो. थरच्या वाळवंटातील जैसलमेरला मात्र जेमतेम २०० मिलीमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते.

मात्र पाऊस भरपूर असला की वस्ती दाट होतेच, असेही नाही. अरुणाचल प्रदेशात विपुल पाऊस पडतो, तरीही तेथील घनता जैसलमेरइतकीच, म्हणजे १७ आहे. उंच पर्वत, खोल दऱ्या आणि घनदाट अरण्ये यांमुळे तेथे शेतीयोग्य सपाट जमीन थोडी आहे. याउलट गंगेच्या मैदानात हिमालयातून आलेल्या नद्यांनी हजारो वर्षे सुपीक गाळ पसरला आहे. जमीन सपाट, भूजल फार खोल नाही आणि वर्षातून एकाहून अधिक पिके घेता येतात. त्यामुळेच २०११ मध्ये बिहारची घनता १,१०६ आणि पश्चिम बंगालची १,०२८ होती.

मनुष्य निसर्गाची ही रेषा काही प्रमाणात बदलू शकतो. पंजाबमधील हरिके येथून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याने सतलज व बियास नद्यांचे पाणी थरच्या वाळवंटापर्यंत पोहोचवले आणि तेथे शेती व नवी वस्ती शक्य झाली. दुसरा मोठा बदल रोजगारामुळे घडतो. दिल्लीची घनता ११,००० च्या वर आहे. ती केवळ यमुनेच्या पाण्यामुळे नव्हे, तर तेथील कामधंद्यामुळे. २०११ मध्ये देशातील सुमारे ३१ टक्के लोक नागरी भागात राहत होते.

वयाचा नकाशा

लोकसंख्येची विविधता केवळ घनतेपुरती मर्यादित नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार दर स्त्रीमागे अपत्यांची सरासरी संख्या देशात २.० होती. बिहारमध्ये ती ३.० होती, तर केरळ व तमिळनाडूमध्ये १.८ आणि महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी हे प्रमाण साधारणतः २.१ असावे लागते. २०११ मध्येच केरळमध्ये साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण १२.६ टक्के होते. बिहारमध्ये ते ७.४ टक्के होते.

याचा अर्थ असा की, एकाच देशात एका राज्यापुढे तरुणांना रोजगार देण्याचा प्रश्न आहे, तर दुसऱ्या राज्यापुढे वृद्धांच्या निर्वाहाचा व आरोग्याचा. म्हणूनच बिहार, झारखंड, ओडिशा येथील तरुण कामासाठी महाराष्ट्र, गुजरात, केरळकडे येतात आणि घरी पैसे पाठवतात. बँकेच्या दृष्टीने पाहिल्यास एका शाखेत शैक्षणिक कर्जाचे अर्ज अधिक येतील, दुसरीत निवृत्तिवेतनधारकांची रांग असेल, तर तिसरीत परगावाहून येणाऱ्या रकमेची वाट पाहणारी कुटुंबे असतील. या तिन्ही शाखांना एकच सरासरी लावून चालणार नाही.

जनगणना आणि बँक व्यवसाय

भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी नियमितपणे जनगणना होत आली. २०२१ ची गणना मात्र कोविड महामारीमुळे होऊ शकली नाही. परिणामी २०११ नंतरच्या अनेक योजनांना जुन्याच आकड्यांचा आधार घ्यावा लागला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची संख्याही २०११ च्या लोकसंख्येवरच निश्चित झाली आहे. त्यानंतर वाढलेली लोकसंख्या त्या हिशेबात धरलेली नाही.

बँकांचेही तसेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या वर्गीकरणात दहा हजारांहून कमी लोकसंख्येचे केंद्र ग्रामीण, दहा हजार ते एक लाखापर्यंतचे निमशहरी, एक लाख ते दहा लाखांपर्यंतचे शहरी आणि त्यावरील महानगरी मानले जाते. ही लोकसंख्या जनगणनेतूनच घेतली जाते. एखादे गाव प्रत्यक्षात वाढून लहान शहर झाले असले, तरी नवी गणना होईपर्यंत कागदोपत्री ते गावच राहते. बँकिंग सुविधांचा प्रसारही जनगणनेतूनच दिसून आला. २००१ मध्ये ३५.५ टक्के कुटुंबे या सुविधांचा लाभ घेत होती. २०११ मध्ये हे प्रमाण ५८.७ टक्के झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली, त्यामागे उरलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचण्याचाच उद्देश होता.

आपला सहभाग

जून २०२५ मधील अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील हिमाच्छादित भागांसाठी मात्र ती १ ऑक्टोबर २०२६ आहे. गणनेची तारीखदेखील भूगोलाप्रमाणे बदलावी लागते, हे यावरून लक्षात येईल.

प्रगणकाला दिलेली व्यक्तिगत माहिती १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये गोपनीय राखली जाते. ही माहिती देताना बँक खात्याचा क्रमांक अथवा पिन सांगण्याची आवश्यकता नसते. तशी मागणी झाल्यास ग्राहकांनी वेळीच सावध व्हावे. कामानिमित्त परगावी असलेल्यांनी आपली नोंद कोठे होणार आहे, याची चौकशी आवर्जून करावी. ज्याची नोंद सुटली, त्याच्या वाट्याचे धान्य, शाळा, दवाखाना आणि बँकेची शाखा यांचाही हिशेब सुटण्याचा संभव असतो. आपली नोंद अचूक होईल हे पाहणे, एवढे तरी प्रत्येक नागरिकाच्या हाती निश्चितच आहे.